वाफ येते म्हणजे बिघाड नाही
न्यू जर्सीच्या थंडीत घर गरम करणाऱ्या हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटमधून पांढरी वाफ निघते आणि वीजबिलही वाढलंय म्हणून घाबरलात, पण तो डिफ्रॉस्ट आहे हो, हीट पंप काही मिनिटं उलटा चालून कॉइलवरचा (बाहेरच्या युनिटमधल्या नळ्यांवरचा) बर्फ वितळवतो, तेव्हा पंखा बंद राहतो आणि वाफ दिसते, एकदम नॉर्मल. मात्र अख्खं युनिट तासन् तास बर्फात गोठलेलं दिसलं तर टेक्निशियनला बोलवा, आणि प्लीज स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडलं की रेफ्रिजरंट (आत फिरणारा, उष्णता वाहून नेणारा गॅस) गेलं!! वाढलेल्या बिलाचं म्हणाल तर आधी आतला फिल्टर बघा, हिवाळ्यात दर महिन्याला बघायलाच हवा. शिवाय रात्री थर्मोस्टॅटचं तापमान फार खाली आणून सकाळी एकदम वर नेलं की ऑक्झिलरी हीट (मदतीचा जादा हीटर) सुरू होते, ती वीज खूप खाते.