३०० विन मॅगची नळी संपली, हे नेमके कशावरून ठरवावे?

रानवाट:
नमस्कार. मी कोलोराडोच्या पश्चिम भागात राहतो आणि एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी ३०० विन्चेस्टर मॅग्नम (विन मॅग) या काडतुसाची सेकंडहँड घेतलेली रायफल वापरतो. आधीच्या मालकाने तिच्यातून किती फैरी झाडल्या, हे कळायला मार्ग नाही. शंभर यार्डांवर तीन गोळ्यांचा ग्रूप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पसारा, पूर्वी इंचाच्या आत बसत असे, तो आता दोन इंचांकडे सरकला आहे, आणि २०० ग्रेन (वजनाचे छोटे एकक) गोळीच्या त्याच फॅक्टरी काडतुसांचा वेगही क्रोनोग्राफवर, म्हणजे वेगमापकावर, सेकंदाला सुमारे ६० फुटांनी कमी दिसतो. बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत पाहण्याचे उपकरण, घालून पाहिले, तर चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) पुढे, जिथे गोळीला फिरकी देणारे आटे सुरू होतात तिथे, सुकलेल्या तळ्यातील गाळासारख्या भेगा दिसतात. ऑक्टोबरच्या हंगामाआधी नळी बदलून घ्यावी का? पाचशे यार्डांच्या नेमावर विसंबता येईल का?

लेथवाला:
भेगा पाहून निर्णय घेऊ नका. मॅग्नमच्या, म्हणजे जादा पावडरीच्या काडतुसाच्या, नळीत त्या लवकर पडतात आणि त्यानंतरही अशा नळ्या बराच काळ उत्तम नेम देतात. बोअरस्कोप स्वस्त झाल्यापासून चांगल्या नळ्या उगीच भंगारात जाऊ लागल्या आहेत, असे माझे मत आहे.

मुळात झीज होते कशी, ते पाहू. साध्या ३०८ विन्चेस्टरची आणि आपल्या रायफलीची नळी एकाच व्यासाची असते आणि दोन्हींचा कमाल दाबही जवळपास सारखा, म्हणजे अनुक्रमे ६२,००० आणि ६४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). फरक पावडरीचा आहे: ३०८मध्ये साधारण ४५ ग्रेन जळते, तर ३०० विन मॅगमध्ये ७०हून अधिक, आणि हा सगळा वायू तेवढ्याच छिद्रातून जातो. त्याचे तापमान पोलादाच्या वितळबिंदूहून अधिक असते. संपर्क क्षणभराचाच असला, तरी पृष्ठभागाचा पातळ थर तापून कडक आणि ठिसूळ होतो, निवताना तडकतो, आणि पुढच्या फैरींबरोबर कणाकणाने निघून जातो. थ्रोट, म्हणजे आटे सुरू होतात तो भाग, असा पुढे सरकत गेला की गोळीला आट्यांत शिरण्याआधी अधिक अंतर मोकळे धावावे लागते. त्यामुळे दाब आणि वेग कमी होतात, आणि गोळी किंचित तिरकी शिरण्याची शक्यता वाढते. ३०८ची नळी पाच हजार फैरी सहज काढते. ३०० विन मॅगची दीड ते अडीच हजारांत थकते, आणि २६ नॉस्लरसारख्या काडतुसाची तर हजाराच्या आसपासच.

तरीही आधी स्वस्तातली कारणे तपासा. रायफलीचा यांत्रिक भाग स्टॉकला (दस्त्याला) जोडणारे ॲक्शन स्क्रू आणि दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू टॉर्क रेंचने पाहून घ्या. मग तांबे आणि कार्बन पूर्ण निघेपर्यंत नळी साफ करा. ग्रूप बिघडण्याचे खापर नळीवर फुटते आणि दोष अनेकदा सैल माउंटचा निघतो.

दक्षिणद्वीप:
लेथवाल्यांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. थ्रोटजवळ कार्बनचे कडे जमले, तर दाब आणि वेग सहसा वाढतात किंवा लहरी होतात. आपला वेग घटला आहे, म्हणून मला झिजेचा संशय अधिक वाटतो. मात्र दोन्ही मोजमापे एकाच हवामानात घेतली होती का? थंडीत पावडर मंद जळते आणि तेवढ्यानेही वेगात असा फरक पडू शकतो.

दुसरे असे, की तीन गोळ्यांच्या ग्रूपवरून काहीच सिद्ध होत नाही. दहा गोळ्या झाडा, पण मधे नळी निवू द्या. शिकारी रायफलीची पातळ नळी तीन-चार फैरींतच तापते आणि गोळ्या एका दिशेने सरकू लागतात. ती झीज नव्हे, पण तापल्या नळीतून झाडत राहण्याची सवय झीज नक्की वाढवते. आम्ही न्यूझीलंडमध्ये थार या डोंगरी बकऱ्यांच्या शिकारीला जातो, तिथे सायलेन्सर सर्रास वापरतात, आणि तो लावलेली नळी निवायला आणखी वेळ घेते. मी सराव ३०८वरच करतो आणि मॅग्नम झिरो, म्हणजे ठरल्या अंतरावर दुर्बिणीचा जुळवलेला नेम, तपासण्यापुरतीच काढतो.

रानवाट:
उत्तरांबद्दल आभारी आहे. दुर्बिणीच्या मागच्या माउंटचा एक स्क्रू खरोखरच सैल निघाला. तो कसून आणि नळी स्वच्छ करून दहा गोळ्या झाडल्या, तेव्हा ग्रूप दीड इंचाच्या आसपास आला. वेग मात्र तेवढाच कमी आहे, आणि हवामान दोन्ही वेळा सारखेच होते.

लेथवाला:
म्हणजे नळी उतरणीला लागली आहे, पण संपलेली नाही. वेगातील घटीची चिंता करू नका. ६० फुटांमुळे पाचशे यार्डांवर गोळी दोनेक इंच खाली लागेल, ते कोणत्या अंतरावर गोळी किती खाली येते याच्या नव्या तक्त्याने भरून निघते. विखुरणे मात्र कोणत्याही तक्त्याने भरून निघत नाही: शंभरावरचा दीड इंच पाचशेवर साडेसात इंच होतो, आणि त्यात वारा व आपला स्वतःचा हात अजून धरलेला नाही. या हंगामात तीनशे यार्डांपलीकडे चाप ओढू नये, असे मी स्पष्टच सांगेन.

नळी आत्ता बदलू नका. नव्या नळीचा वेग पहिल्या शंभरेक फैरींत वाढत जातो. आज केलेला झिरो ऐन हंगामात खोटा ठरेल. जुनीच मागून कापून पुन्हा चेंबर करण्याचा पर्याय असतो, परंतु निमुळती नळी मागे सरकली की स्टॉकमधील बैठक बिघडते आणि मजुरीही थोडीथोडकी लागत नाही. नोव्हेंबरनंतर सरळ नवी बसवा.

रानवाट:
पटले. नवी नळी ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नममध्ये घेतली तर अधिक टिकेल का?

दक्षिणद्वीप:
नाही. काडतूस चेंबरमध्ये बंद करणारा बोल्ट तोच चालेल, धक्काही थोडा कमी बसेल. पण पावडर किंचितच कमी आणि छिद्र त्याहून लहान, त्यामुळे थ्रोट तितकाच किंवा थोडा लवकरच जाईल. टिकाऊपणाच हवा असेल, तर ३०८कडे वळा, मात्र तिच्या काडतुसाचा बूड लहान असल्याने बोल्टही बदलावा लागेल.