मदत हवी आहे: डुकराच्या कोरोनरी रिंगा सैल पडण्याऐवजी आवळतायत

नमस्कार मंडळी,

एम. फार्म.च्या प्रोजेक्टमध्ये पुरती अडकलेय. कत्तलखान्यातून डुकराचं हृदय थंडगार क्रेब्स द्रावणात (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) आणते, कोरोनरी धमनी सोडवून तिच्या छोट्या रिंगा कापते आणि ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे ऊती जिवंत ठेवून तिचा ताण नोंदवणाऱ्या भांड्यात, टांगते. तापमान ३७ अंश, ९५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सगळं रीतसर. पोटॅशियम क्लोराइडने रिंग आवळून घेतली की ॲसिटिलकोलिन टाकते. आता ताणाची रेघ खाली यायला हवी ना? माझी वर जाते!

मला समजलंय ते असं: ॲसिटिलकोलिन धमनीच्या आतल्या अस्तराला, म्हणजे एंडोथेलियमला, चेतवतं. त्या पेशींत कॅल्शियम वाढतं, आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, ते शेजारच्या स्नायूपेशींत झिरपतं, तिथे सीजीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि स्नायू सैल पडतो. १९८० मध्ये फर्चगॉट आणि झवाड्झकी यांनी सशाच्या महाधमनीवर दाखवलं की अस्तर घासलं गेलं की ॲसिटिलकोलिनने सैल पडणं बंद.

म्हणजे अस्तर माझ्याच हातून खरवडलं जातंय? अस्तराशिवायच नायट्रिक ऑक्साइड पुरवणाऱ्या सोडियम नायट्रोप्रुसाइडला रिंग छान सैल पडते, तेव्हा स्नायू ठीक असावा. सर म्हणतात, "हात बसला नाही अजून." महिनाभर श्वास रोखून कापतेय हो! अस्तर शाबूत आहे की नाही हे तपासायचं कसं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

हातावर इतक्यात खापर फोडू नका. डुकराच्या कोरोनरीत अस्तर धडधाकट असलं तरी ॲसिटिलकोलिन आवळतंच, कारण ते थेट स्नायूवरच्या मस्कॅरिनिक रिसेप्टरवर (ॲसिटिलकोलिन पकडणाऱ्या प्रथिनावर) काम करतं. सशाचा नियम इथे लावू नका. अस्तरामार्फत सैल पाडणारं ब्रॅडीकायनिन किंवा सबस्टन्स पी वापरा. सोबत एक रिंग मुद्दाम आतून घासून घ्या: ती ब्रॅडीकायनिनला दाद देणार नाही, नायट्रोप्रुसाइडला देईल.

दुसरी चूक पोटॅशियम क्लोराइडची. बाहेर इतकं पोटॅशियम असलं की स्नायूपेशीचं हायपरपोलरायझेशन (आतला विद्युतभार आणखी ऋण होणं) होत नाही, म्हणजे अस्तराचा नायट्रिक ऑक्साइडशिवायचा मार्ग तुम्हीच बंद करताय. यू-४६६१९ने (थ्रॉम्बॉक्सेनसारखं धमनी आवळणारं रसायन) आवळा.

प्रतिसाद २

माणसात गंमत वेगळी. १९८६ मध्ये लुडमर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या कोरोनरीतच ॲसिटिलकोलिन सोडलं. निरोगी धमन्या रुंदावल्या, मेद साचलेल्या आवळल्या. नायट्रोग्लिसरिनने मात्र त्यातल्याही बहुतेक रुंदावल्या. तिथे दोष अस्तराचा होता. तुमची रेघ दिसायला तशीच, कारण वेगळं. सेमिनारमध्ये गल्लत करू नका, बाहेरचे परीक्षक नेमके तिथेच पकडतात.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार! ब्रॅडीकायनिन डिपार्टमेंटच्या फ्रीझरमध्येच निघालं. सुरुवात किती मात्रेपासून करू? आणि तीच रिंग धुऊन परत वापरली तर चालेल?

प्रतिसाद १

०.१ नॅनोमोलरपासून १ मायक्रोमोलरपर्यंत चढत जा. रिंग परत नको. ब्रॅडीकायनिनला दुसऱ्या खेपेस प्रतिसाद मंदावतो आणि तुम्ही पुन्हा हाताला दोष देत बसाल.