खोट माहीत आहे, तरी खेळतोच : अनुभव धागा

गच्चीवरची घार

ॲसॅसिन्स क्रीड या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा पहिला भाग २००७ चा. बळी नऊ, आणि प्रत्येक बळीआधी तीच ती कामं : बाकावर बसून चोरून ऐका, खिसा कापा, एखाद्याला गल्लीत गाठून बडवा आणि बोलता करा. तिसऱ्या बळीपर्यंत सगळं पाठ होतं. नायक दमास्कसच्या मनोऱ्यावर सरसर चढतो, पण पाण्यात पडला की मेला. पुढे २०१४ मध्ये पॅरिसवाला 'युनिटी' आला तेव्हा तर काहींच्या पडद्यावर माणसांचे चेहरेच गायब. हवेत नुसते डोळे, दात आणि केस. कंपनीने जाहीर माफी मागितली, पुढचं प्रकरण सगळ्यांना फुकट दिलं.

हे सगळं मला मान्य आहे. तरी 'युनिटी' माझ्या संगणकावरून हलत नाही, कारण नोत्र दामच्या माथ्यावर चढून खालचं शहर बघत बसायला मला आवडतं. एप्रिल २०१९ मध्ये खऱ्या चर्चला आग लागली, त्याच आठवड्यात कंपनीने हा खेळ संगणकावर फुकट वाटला. खूप जणांनी तो तेव्हा फक्त त्या छपरासाठी घेतला. गोष्ट काय आहे, नायकाचं नाव काय, हे त्यांना विचारू नका. मलाही विचारू नका.

तर धागा यासाठी. तुमची अशी मालिका कोणती? अट एकच, खोट मान्य करायची. 'तुम्हाला तो खेळ कळलाच नाही' छापाची वकिली नको. खोट नेमकी कुठे आहे आणि तरी का खेळता, तेवढं लिहा. एखाद-दुसरा भाग खेळला असेल तरी चालेल.

सायबरवाला

प्रोजेक्ट आयजीआय, शत्रूच्या तळात एकट्याने घुसायचा बंदूकबाजीचा खेळ. दुसरं काय असणार!

आमच्याकडे एसटी स्टँडसमोर सायबर कॅफे होता. इंटरनेट रांगत चालायचं, त्यामुळे पोरं यायची ती गेमलाच. आयजीआयची पहिली आणि मोठी खोट सगळ्यांना ठाऊक आहे : मोहिमेच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नाही. शेवटच्या दारापाशी गोळी लागली की पुन्हा पहिल्या कुंपणापासून. घरी खेळणाऱ्याला हा नुसता वैताग. आम्ही तासावर पैसे मोजणारे, आमचं काय होत असेल बघा. मोहीम अर्ध्यावर असताना मागून आवाज यायचा, "चला, वेळ झाली!" आणि तेवढ्यासाठी पुढच्या अर्ध्या तासाचे पैसे काढायला खिसे चाचपायचे.

दुसरी खोट शिपायांची. एरवी इतके ठोंबे की पलीकडे गोळी चालली तरी ह्यांची गस्त चालूच. पण एकदा अलार्म वाजला की बराकीतून निघायला लागायचे ते संपतच नाहीत, माराल तितके निघतात.

आता गंमत सांगतो. सेव्ह नाही म्हणून आम्ही तिघं एका मशीनवर बसायचो. एकाकडे माऊस, एकाकडे कीबोर्ड, आणि तिसऱ्याचं काम मागे उभं राहून कॅमेरा कुठल्या कोपऱ्यात आहे ते ओरडायचं. वहीच्या मागच्या पानावर तळाचे नकाशे काढलेले. डोंगरावर पालथं पडून दुर्बिणीतून सगळा तळ आधी न्याहाळायचा, मनोऱ्यावरचा माणूस कधी पाठ फिरवतो ते बघायचं, मग खाली उतरायचं. इतकं लांबवरचं माळरान त्या काळी मी दुसऱ्या कुठल्या बंदूकबाजीच्या खेळात पाहिलं नव्हतं. कारण नंतर कुठेतरी वाचलं : नॉर्वेच्या ज्या इनरलूपने हा खेळ २००० साली काढला, त्यांनी इंजिन वापरलं ते स्वतःच्याच लढाऊ विमानांच्या खेळातलं. विमानातून दिसायला हवी तेवढी जमीन त्यात आधीच होती. म्हणून ते माळ इतके मोठे, आणि म्हणूनच इतके रिकामे.

२००३ मध्ये दुसरा भाग आला, त्यात मोजके का होईना, पण सेव्ह मिळाले. तो मी घरी एकट्याने संपवला. त्यातली एकही मोहीम आठवत नाही.

रेडिओवाली

घार, तुझा तो दमास्कसवाला पाण्यात मरतो म्हणालीस. आमच्या जीटीए व्हाइस सिटीचा टॉमीही तसाच. शहर समुद्राकाठचं, दोन मोठी बेटं, जिकडे बघावं तिकडे पाणी, आणि ह्या गुंडांच्या म्होरक्याला पोहता येत नाही! धक्क्यावरून पाय घसरला की दवाखान्याच्या दारात.

रिमोटच्या हेलिकॉप्टरने बांधकामात बाँब ठेवायची जी मोहीम आहे, ती कीबोर्डवर कोणी हसत पार केली असेल त्याला माझा नमस्कार. मी ती चुलतभावाकडून करून घेतली. नंतर मोहिमा सोडूनच दिल्या. मी फक्त गाडी काढायचे, १९८६ सालचं ते गुलाबी शहर, रेडिओवर गाणी, आणि सिग्नलला थांबायचे. हो, थांबायचे. भाऊ डोक्याला हात लावायचा.

२०२१ मध्ये जीटीएचे तीन जुने भाग रंगरंगोटी करून एकत्र विकायला आले. पाऊस असा की समोरचं दिसेना, दुकानांच्या पाट्यांवर चुकीची स्पेलिंगं, माणसांचे चेहरे मेणाचे. कंपनीला माफी मागून जुन्या आवृत्त्या पुन्हा विक्रीला ठेवाव्या लागल्या. जुनी खोट परवडली.

पेनड्राइव्ह

क्रिकेट ०७. नोव्हेंबर २००६ मध्ये आला, आणि ईए कंपनीची क्रिकेटची मालिका तिथेच आटोपली. पुढचा भाग नाही म्हणून सगळे ह्याच्यातच अडकले ते आजतागायत.

खोटा किती सांगू? आपल्या संघाचा परवाना नव्हता, म्हणून आपल्या खेळाडूंची नावं वाकडी करून टाकलेली. इंग्लंडच्या काउंट्या आहेत, ऑस्ट्रेलियाची राज्यं आहेत, रणजीचा पत्ता नाही. समोरचा संघ कसोटीतही असा घाईत की चहापानापर्यंत डाव आटोपतो. समालोचनाला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस, म्हणजे माणसं खानदानी, पण वाक्यं मोजकी. महिनाभरात बेनॉसाहेब काय बोलणार ते आमच्या खोलीतला प्रत्येक जण त्यांच्याआधी बोलायचा, त्यांच्याच सुरात. आणि एकदा का टप्पा आणि बटणाचं गणित जमलं की षटकात सहा षटकार. पुढे तर आम्ही ठरवूनच टाकलं : पुढे सरसावून मारायचं नाही, मारला तर बाद धरायचा. इतका सोपा खेळ आम्हीच नियम लावून अवघड केला.

ह्या खेळाचं खरं आयुष्य मात्र कंपनीच्या हाताबाहेर सुरू झालं. वाकडी नावं सरळ करणारी रोस्टर फाइल कोणीतरी पेनड्राइव्हवर आणायचा. २००८ ला आयपीएल सुरू झाली आणि शौकिनांनी तिचेही पॅच काढले : नवे संघ, नवे गणवेश, नव्या बॅटा, मैदानांवरच्या जाहिरातीसुद्धा. २००६ च्या खेळात आज पदार्पण केलेला पोरगा खेळताना दिसतो. परवाने घेऊन चकाचक निघालेले नंतरचे क्रिकेटचे खेळ मी बघितले. चेंडू जास्त खरा उसळतो, मान्य. पण त्यात हात घालून काही बदलावंसं वाटत नाही.

नायट्रो

नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड, २००५ चा. पुढे कितीही सुसाट जा, मागचा भिडू रबराने बांधल्यासारखा येऊन चिकटतो; तुम्ही आपटलात तर तो पुढे तुमची वाट बघत हळू चालवतो. शर्यत चुरशीची व्हावी म्हणून मुद्दाम केलेली लबाडी. रागाने कीबोर्ड आपटलेत. पण पंधरा जणांची ती यादी, आणि मागे लागलेल्या पोलिसांना पेट्रोल पंपाचं छप्पर अंगावर पाडून चुकवणं... बस्स.

अजिंक्यतारा

माझी मालिका टोटल वॉर, त्यातला २००९ चा एम्पायर. सातारकराला दुसरा पर्यायच नव्हता, कारण त्यात मराठे घेऊन खेळता येतं.

खेळ सुरू होतो १७०० साली. आता १७०० म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? साताऱ्याच्या किल्ल्याला खुद्द औरंगजेबाचा वेढा. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेले, एप्रिलमध्ये सातारा पडला, आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला. खेळात ह्यातलं काही नाही. मोगलांशी युद्ध चालू आहे एवढं मात्र आहे. सह्याद्री म्हणजे नकाशावरची एक हिरवी-तपकिरी सुरकुती. राजगड नाही, रायगड नाही, जो किल्ला वाट्याला येतो तो युरोपी चांदणीच्या साच्यातला. गनिमी काव्याचं म्हणाल तर सपाट मैदानात रांगा लावून उभं राहायचं आणि समोरच्याने गोळ्या घालायच्या.

तटबंदीवर चढणारे शिपाई दोराशी घुटमळत बसतात. अख्खा फ्रान्स म्हणजे एकच सुभा, पॅरिस घेतलं की संपला देश. आणि सगळ्यात मोठी खोट : सुरुवातीच्या आवृत्तीत संगणकाच्या सत्तांना जहाजातून फौज नेऊन परमुलखात उतरवताच येत नव्हती. पुढे पॅच आला, पण तोवर काय झालं असेल विचार करा. इंग्रज इंग्लंडातच! कितीही वर्षं जाऊ द्या, कोणी म्हणून समुद्र ओलांडून येत नाही. गोवा आधीपासून पोर्तुगीजांकडे असतो, तेवढाच काय तो.

म्हणजे इतिहासातला सगळ्यात मोठा धोका एका चुकीमुळे गायब. माझे वडील शाळेत इतिहास शिकवायचे. ते खुर्ची ओढून मागे बसायचे, आधी नकाशातल्या चुका काढायचे (कृष्णा कुठून कुठे वाहते यावर बराच वेळ जायचा), आणि मग हळूच म्हणायचे, "आता बुऱ्हाणपूर घे. खानदेश सोडून पुढे जाऊ नकोस." कर किती लावावा, घोडदळ किती, ह्यावर आमची जेवणाच्या ताटावर वादावादी. आई म्हणायची, आधी भात घ्या, मग दिल्ली घ्या.

आणखी एक. तुम्ही दुसरी कुठली सत्ता घेऊन खेळत असाल, तरी संगणकाच्या हातातले मराठे बहुतेक वेळा मोगलांना गिळतात आणि थेट इराणच्या दारात जाऊन उभे राहतात. जगभरचे खेळाडू ह्यावर विनोद करतात, काही वैतागतात. खेळाचा समतोल बिघडलाय हे उघड आहे. तो दुरुस्त करावा असं माझं मत नाही.

गच्चीवरची घार

अजिंक्यतारा, म्हणजे अटकेपार झेंडे खेळानेच लावून दिले! वडिलांना अजून खेळवता का?

अजिंक्यतारा

डोळ्यांमुळे बारीक अक्षर दिसत नाही त्यांना. मी वाचून दाखवतो, ते हुकूम सोडतात.

बालवाडी ते पोकेडेक्स

आम्ही न्यू जर्सीत. लेकामुळे पोकेमॉन स्कार्लेट घेतला. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कार्लेट आणि व्हायोलेट आले, पहिल्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या, आणि त्याच तीन दिवसांत लोकांनी त्यातल्या गमतीजमतींचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. लांबचा माणूस चालतो तो अडखळत, एकेक पाऊल सुटं. पवनचक्कीची पाती टिकटिक करत फिरतात. कधी आपण जमिनीच्या आत, तर कधी जमीन आपल्यात. जगातल्या सगळ्यात श्रीमंत मालिकांपैकी ही एक, आणि कारागिरी अशी. राग येतोच.

लेकाला मात्र ह्या खोटाच हव्या असतात. "आई, तो बघ, तो अंकल परत हँग झाला!" म्हणून मला स्वयंपाकघरातून बोलावतो. सहलीला बसून सँडविच करायचं असतं, त्यात वरचा पाव ठेवताना निसटून उडून जातो, टोमॅटो घरंगळतात, आणि तरी खेळ म्हणतो की सँडविच झालं. आमच्याकडे हा रोजचा कार्यक्रम आहे. पाव उडाला नाही तर तो हिरमुसतो.

मी स्वतः लहानपणी भावाच्या संगणकावर अगदी पहिला भाग इम्युलेटरवर (जुन्या यंत्राचे खेळ संगणकावर चालवतो तो प्रोग्रॅम) खेळलेली. त्यात भुतांचे हल्ले मानसशक्तीवाल्यांवर चालायला हवेत असं खेळातलेच लोक सांगायचे, आणि प्रत्यक्षात काडीचा परिणाम व्हायचा नाही, कारण तक्ता चुकलेला. म्हणजे घराणं जुनंच आहे.

नाही म्हणजे नाही

थोडा विरोधी सूर लावतो. वर सगळे ज्याला खोट म्हणताहेत ती गरिबीची, घाईची किंवा दुर्लक्षाची खोट आहे. मी दरवर्षी नव्या आकड्याने निघणारी एक फुटबॉलची मालिका खेळायचो. तिची खोट वेगळी : खेळाडूंची पाकिटं विकत घ्या, आत कोण निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या पाकिटांना सरळ जुगार ठरवलं. तिथे चूक झालेली नाही, सगळं अगदी बरोबर चालतंय, आणि तेच वाईट आहे. मैदानावरचा खेळ मला आजही आवडतो. तरी मी सोडला. शिपाई दोराशी घुटमळतो त्यावर हसता येतं, पाकिटावर येत नाही.

नायट्रो

+१. आमच्या भिडूची लबाडी निदान फुकट होती.

वाटमाऱ्या

एल्डर स्क्रोल्स, खास करून २००६ चा ऑब्लिव्हियन. माझं टोपणनावही तिथलंच.

ह्या खेळात तुम्ही बळकट व्हाल तसं सगळं जग बळकट होत जातं. म्हणून मोठ्या पातळीवर पोचलात की रस्त्यावरचा भुरटा वाटमाऱ्या अंगात काचेचं महागडं चिलखत घालून समोर येतो आणि शंभर मोहरा मागतो. अरे, ते चिलखत विक ना! शिवाय आवाज देणारे कलाकार मोजके, त्यामुळे भिकारी आधी खोकत-कण्हत बोलतो आणि पुढच्याच वाक्याला खणखणीत दरबारी आवाजात बातमी सांगतो.

देवळातल्या एका एल्फ बाईच्या संवादात तर कलाकार चुकते, थांबते, 'हे परत घेते' म्हणते आणि वाक्य पुन्हा म्हणते. ते ध्वनिमुद्रण तसंच खेळात राहून गेलं. एप्रिल २०२५ मध्ये खेळाची नवी आवृत्ती निघाली. चित्रं नवी, प्रकाश नवा, पातळ्यांचं गणितही सुधारलेलं. मी आधी धावत गेलो त्या बाईकडे. चूक जशीच्या तशी ठेवली आहे! लगेच खेळ बंद करून पूर्ण किमतीत घेतल्याचं समाधान मानलं.

खुर्चीखालची वायर

सगळं वाचतोय, माझा अनुभव रविवारी सविस्तर लिहीन (प्रिन्स ऑफ पर्शिया, वॉरियर विदिन, तो मागे लागणारा दाहाका राक्षस आणि ते विनाकारण उघडे कपडे). तोवर पेनड्राइव्ह यांना एक प्रश्न : यंदाच्या रणजीचा रोस्टर कुठे मिळेल का? विदर्भाचा पूर्ण संघ असलेला हवाय.

पेनड्राइव्ह

विदर्भ आहे, पण यष्टिरक्षकाला चुकून गोलंदाजाचा चेहरा लागलाय. चालेल का?

खुर्चीखालची वायर

पळेल!