मदत हवी आहे: सामायिक शीट आहे, पण ऑफिसात कुणी वापरत नाही

नमस्कार मंडळी,

मी एका द्राक्ष निर्यात कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. ऑफिस नाशिकमध्ये, पॅकहाउस पिंपळगाव बसवंतला. गेल्या हंगामाआधी मालकांनी सगळ्यांसाठी एकच गूगल शीट सुरू केली. खरेदीवाल्यांनी प्लॉटचा नोंदणी क्रमांक आणि रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षांतल्या कीटकनाशकांच्या अंशाचा तपासणी अहवाल) भरायचा, पॅकहाउसने पेट्या आणि पॅलेट, त्यावरून मी पॅकिंग लिस्ट करायची.

प्रत्यक्षात अजूनही व्हॉट्सॲपवर एक्सेल फिरते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन २’. पॅकहाउसचे सुपरवायझर वहीत लिहितात, रात्री पानाचा फोटो पाठवतात आणि तो बघून शीट मी भरते. युरोपच्या मालाला अपेडाच्या (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर पेटीपासून थेट प्लॉटपर्यंत माग लागावा लागतो. एक क्रमांक चुकला की कागद अडकतात, कंटेनर न्हावाशेवा बंदराकडे उशिरा निघतो, आणि द्राक्ष हा नाशवंत माल.

ऑफिसात सगळे म्हणतात, जुनी माणसं आहेत, शिकायचा कंटाळा करतात. मला हे अजिबात पटत नाही. तेच सुपरवायझर काका फोनवरून वीजबिल भरतात, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. त्यांची वही चुकलेली मी कधी पाहिली नाही.

मला दिसतं ते असं. शीटमध्ये अर्धवट आकडा पडला की मालकांचा लगेच फोन येतो, “दुपार झाली, एवढ्याच पेट्या?” वहीत दुपारचा आकडा फक्त काकांपुरता असतो, संध्याकाळी हिशोब जुळला की तो बाहेर येतो. शीटमध्ये मात्र काम चालू असतानाच सगळे बघत असतात. त्यामुळे खात्री होईपर्यंत कुणी काही भरतच नाही. त्यात एकदा कुणीतरी एकच कॉलम सॉर्ट केला आणि प्लॉट एकीकडे, पेट्या दुसरीकडे गेल्या. व्हर्जन हिस्ट्रीतून जुनी शीट परत मिळाली, पण विश्वास गेला तो गेलाच. आता मूळ कॉलम लॉक केलेत आणि प्रत्येकाला वेगळा फिल्टर व्ह्यू करून दिलाय, म्हणजे एकाने सॉर्ट केलं तरी दुसऱ्याला दिसणारी शीट हलत नाही. प्रीकूलिंगच्या (माल गार करायच्या) खोलीत रेंज जाते, म्हणून शीट फोनवर ऑफलाइनही ठेवली. तरी वही सुटत नाही.

सक्ती करायची नाही, काकांचा मान जाऊ द्यायचा नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत किंवा दुसऱ्या पॅकहाउसमध्ये कुणी हे जमवलंय का? सुरुवात कुठून केलीत?

प्रतिसाद:
ताई, आमच्याकडे अंबडला डिस्पॅचमध्ये हेच झालं होतं. जोनाथन ग्रुडिन नावाच्या संशोधकाने १९८८ सालीच मांडलंय की अशी सामायिक सॉफ्टवेअर फसतात, कारण भरायचे कष्ट एकाला आणि फायदा दुसऱ्याला. तुमच्या शीटचा फायदा तुम्हाला आणि मालकांना. काकांना काय मिळतं? रात्री त्यांना कुठला हिशोब हातानं करावा लागतो, ते आधी विचारा. तो शीटमधून आपोआप निघाला तर ते स्वतःहून भरतील. आमच्याकडे ट्रान्सपोर्टच्या भाड्याचा हिशोब तिथे आणला, तेव्हा गाडी हलली. आणि मालकांना मूळ शीट देऊच नका. इम्पोर्टरेंज (एका शीटमधले आकडे दुसरीत आणणारं गूगल शीटचं सूत्र) वापरून वेगळी शीट करा, त्यात फक्त पक्के झालेले आकडे येऊ द्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार. पॅकिंगच्या बायकांची मजुरी पेटीमागे असते. काका रोज रात्री कॅल्क्युलेटर घेऊन त्याचीच बेरीज करत बसतात, हे माझ्या डोळ्यांसमोर असूनही सुचलं नव्हतं. मजुरीचा टॅब या आठवड्यात करते आणि आधी काकांनाच दाखवते. ‘पक्का’ म्हणून टिक करायचा अधिकारही त्यांच्याचकडे ठेवते.

आता एकच अडचण. मालकांना चालू आकडे बघायची सवय लागलीय. ती शीट काढून घेताना त्यांना काय सांगितलंत? त्यांना राग न येता हे कसं जमवलंत, तेवढं जरा सविस्तर लिहाल का?