मदत हवी आहे: बर्फ फुटून पाण्यात पडलेल्याला काढण्याचं प्रशिक्षण. बधिर हातांचा सराव कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या पथकात अग्निशमन दलाचे जवान आणि रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी आहेत. गोठलेल्या तळ्यावरचा आणि गार पाण्यातला बचाव त्यांना शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे. आइस रेस्क्यू सूट, थ्रो बॅगा (फेकायच्या दोरीच्या पिशव्या), स्लेज, शिडी, बर्फात रोवायचे हातातले टोचे, सगळं आहे. बर्फावर आडवं सरपटत जाणं, वजन पसरवणं, दोरीवरच्या माणसाशी इशाऱ्यांनी बोलणं हेही सगळ्यांना जमतं. माझी अडचण पाण्यातल्या माणसाची आहे.

सरावात बुडणाऱ्याचं काम करणारा स्वतः सूट घालून असतो. त्याला गारठा लागत नाही. दोरी पडली की तो ती झेलतो, मनगटाला वेढा घेतो आणि काठावरचे त्याला झटक्यात ओढून घेतात. खरा माणूस असा वागूच शकत नाही. गार पाण्यात पडल्याक्षणी श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो; त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत जातं. मग धाप लागते, ती मिनिटभरात थोडी आटोक्यात येते. पुढच्या दहाएक मिनिटांत बोटं आणि दंड कामातून जातात. शुद्ध हरपायला मात्र साधारण तास लागतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट हेच १-१०-१ अशा सूत्रात सांगतात.

म्हणजे आपण पोहोचतो तेव्हा तो माणूस बहुधा शुद्धीवर असतो. 'दोरी टाका' असं ओरडतोही. आणि दोरी हातात आली तरी त्याला ती धरता येत नाही. माझे प्रशिक्षणार्थी हे वहीत लिहून घेतात, पण सरावात दोरी निसटली की 'नीट पकड ना!' म्हणून त्याच्यावरच ओरडतात. प्रत्यक्ष प्रसंगी या ओरडण्यात मोलाची मिनिटं जातील, याची मला फार काळजी वाटते.

पथकातल्या काहींचं म्हणणं आहे की प्रत्येकाला एकदा सूटशिवाय पाण्यात उतरवावं, म्हणजे कायमचं लक्षात राहील. मला ते पटत नाही, पण दुसरा उपाय सुचत नाही. शिवाय काठावरचे फार वेगाने ओढतात. त्यांना कसं आवरावं?

– तळ्याकाठी

प्रतिसाद १ (दोरखंड):
सूटशिवाय कोणालाही उतरवू नका, कितीही आग्रह झाला तरी. गारठ्याच्या धक्क्याने हृदयाचे ठोके वाढतात आणि त्याच वेळी चेहरा पाण्यात गेला तर ते मंदावण्याची प्रतिक्रिया सुरू होते. या दोन्हींच्या ओढाताणीत धडधाकट माणसाच्या हृदयाचा ताल बिघडू शकतो.

फक्त हात पुरतात. बर्फाच्या पाण्याची बादली घ्या, दोन-तीन मिनिटं मनगटाच्या वरपर्यंत हात बुडवायला सांगा आणि लगेच कॅराबिनर (दोरी अडकवायची, उघडमिट होणाऱ्या दाराची धातूची कडी) लावायला, गाठ मारायला, सूटची चेन ओढायला द्या. वर्ग एकदम शांत होतो. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांना आणि गारठ्याने ज्यांची बोटं पांढरी पडतात त्यांना यातून वगळा, कारण नुसत्या हातांनीही रक्तदाब चढतो.

पाण्यातल्या सरावासाठी बुडणाऱ्याच्या हातात बॉक्सिंगचे ग्लव्हज चढवा. पकड आपोआप संपते. सुरुवातीला त्याने बोलावं, दोरीला हात घालावा; मग तुमच्या खुणेनंतर नुसतं बघत राहावं. किती वेळ झाला हे काठावरच्या एकाने मोठ्याने सांगत राहायचं. दोरी दोनदा निसटली की तिसऱ्यांदा फेकायची नाही, सूटवाला माणूस निघालाच पाहिजे, असा आमच्याकडे नियम आहे. तो माणूस पोहोचेपर्यंत काठावरून सांगायचं: हात बर्फावर पसरून ठेव, हलू नकोस. बाह्या बर्फाला चिकटून गोठल्या तर शुद्ध गेल्यावरही तो खाली जात नाही.

प्रतिसाद २ (रुग्णवाहिका):
ओढण्याबद्दल. पाण्यात असताना पाण्याचा दाब पायांवर असतो. माणसाला उभा उचलला की तो दाब एकदम जातो, रक्त खाली उतरतं आणि रक्तदाब कोसळतो. सुटका होताना किंवा झाल्यावर काही मिनिटांतच माणूस दगावण्याचं हे एक कारण आहे. म्हणून जमेल तितकं आडवं काढायचं. सूटवाल्याने बाजूने वळसा घेऊन जायचं, कारण समोरून गेलं तर ज्या कडेला तो टेकलाय तीच फुटते. काखेखालून पट्टा घालायचा, मागून कंबर वर ढकलायची आणि मगच हात वर करून खूण द्यायची. खूण दिसेपर्यंत दोरीला ताण द्यायचा नाही. ओढण्याचा हुकूम काठावरच्या कोणीच द्यायचा नाही, एवढं ठरवलंत तर वेग आपोआप आवरतो.

बाहेर काढल्यावर चालवू नका, हातपाय चोळू नका, ओले कपडे कापून काढा आणि गुंडाळा. शरीराचं तापमान २८ अंशांखाली गेलं की नुसत्या हिसक्यानेही हृदय फडफडायला लागू शकतं. नाडी एक मिनिटभर शोधा. थंड पडलाय म्हणून मेला असं समजू नका: १९९९मध्ये नॉर्वेत ॲना बॉगेनहोल्म बर्फाखाली ८० मिनिटं अडकली होती, तिचं तापमान १३.७ अंशांवर गेलं होतं, आणि ती वाचली.

तळ्याकाठी:
दोघांचे मनापासून आभार. ग्लव्हजची कल्पना या आठवड्यातच वापरतो, आणि ओढण्याचा हुकूम फक्त पाण्यातल्या सूटवाल्याचा हेही लगेच लागू करतो. एक विचारायचं राहिलं: बर्फ कापून भोक पाडल्यावर सुरक्षेला किती माणसं ठेवता?

दोरखंड:
दुसरा सूटवाला दोरी बांधून तयार हवाच, आणि बर्फावर पाऊल ठेवणारा प्रत्येकजण लाइफ जॅकेटमध्ये. सराव संपला की भोकाभोवती खुणा लावल्याशिवाय निघू नका. आणि बादलीचा सराव सूटचे जाड हातमोजे घालूनही एकदा घ्या. कोरड्या हातांनी सहज लागणारा कॅराबिनर त्या मोज्यांत हुलकावण्या देतो, तेव्हा मोठ्या दाराचे कॅराबिनर घ्यायचे की नाही हे तुम्हाला तिथेच कळेल.