मदत हवी आहे: एकच विंचू, सासऱ्यांना नुसता ठणका आणि चार वर्षांच्या पुतणीला आयसीयू, असं का?

दोघंही आता बरे आहेत, त्यामुळे घाई नाही, पण नीट समजून घ्यायचंय. अंथरुणात लपलेला बोटाएवढा लालसर विंचू आधी सासऱ्यांना (वय ७२) हाताला डसला आणि अंथरूण झटकेपर्यंत पुतणीला (वय ४, वजन साधारण १५ किलो) पायाला. सासरे रात्रभर कळवळत होते. पोरगी आधी किंचाळली, पण थोड्या वेळाने पायाचं नावच काढेना. आम्हाला वाटलं, उतरलं. मग उलट्या, कपडे भिजतील इतका घाम, हातपाय गार. दवाखान्यात नेल्यावर थेट आयसीयूत घेतलं.

हा फरक फक्त वजनाचा का? आणि "जुनं हाड आहे, त्यांना काय होतंय" असं घरात आता सगळे म्हणतात, ते कितपत खरं?

प्रतिसाद १
पहिल्या डंखात विष कमी गेलं असेल. नाहीतर वय ७२ म्हणजे काही गंमत नाही.

प्रतिसाद २
लहान मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून लिहिते. डंखात किती विष गेलं ते बाहेरून कळत नाही, त्यामुळे वरचा तर्क खरा-खोटा ठरवता येणार नाही. पण विंचू माणूस बघून विष मोजत नाही. तेवढंच विष ६० किलोच्या अंगात गेलं आणि १५ किलोच्या अंगात गेलं, तर मुलीच्या वाट्याला किलोमागे चौपट येतं. मुख्य कारण हेच.

हे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवतं. तंतू संदेश पाठवत राहतात आणि ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. आधी उलट्या, लाळ, दरदरून घाम. मग रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हातपाय गार पडतात. हृदय त्या दाबापुढे थकलं की फुप्फुसात पाणी भरतं. मूल दगावतं ते बहुतेक इथे.

ठणक्याबद्दल मात्र तुमची गल्लत स्वाभाविक आहे, बरेच जण तिथेच फसतात. विष अंगभर भिनलेल्या रुग्णाला डंखाच्या जागी बऱ्याचदा फारसं दुखत नाही. उपचार लागू पडला की ठणका परत येतो, आणि आम्हाला उलट बरं वाटतं! मूल रडायचं थांबलं म्हणून निश्चिंत होऊ नका. कपाळाला घाम आहे का आणि तळपाय गार आहेत का, ते हात लावून बघा.

धागाकर्ती
बापरे. म्हणजे सासऱ्यांचा आरडाओरडा हीच चांगली खूण होती. पण मग म्हातारपणी धोका कमी असतो असं म्हणायचं का? त्यांना बीपीची गोळी चालू आहे.

प्रतिसाद २
अजिबात नाही. अंग मोठं म्हणून विष विरळ झालं, इतकंच. ॲड्रेनलिनचं ते वादळ उठलंच, तर ते सोसायची ताकद सत्तरीच्या हृदयात तिशीच्या हृदयाएवढी नसते. हृदयविकार किंवा बीपी असलेल्या वृद्धाला ठणक्याशिवाय दुसरं एकही लक्षण दिसलं, तर घरी थांबायचं नाही. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, कारण बीटा ब्लॉकर जातीची (हृदयाचे ठोके मंदावणारी) गोळी असेल तर डॉक्टरांना ते आधी कळलेलं बरं. आणि पूर्वी कधी विंचू चावला होता, म्हणून आता बाधणार नाही, यावर विसंबू नका.

प्रतिसाद ३
पुतणीला बहुधा प्राझोसिन दिलं असेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर वापरून दाखवलेलं औषध. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. माझा एक प्रश्न: मुलांना प्रतिविषही कमी देतात का?

प्रतिसाद २
नाही, आणि नातेवाईक नेमके इथेच वाद घालतात. प्राझोसिन वजनाप्रमाणे देतात. प्रतिविष मात्र अंगातल्या विषाला गाठायचं असतं, मुलाच्या वजनाला नाही, म्हणून लहान मुलालाही मोठ्यांएवढाच डोस. ते लवकर मिळेल तेवढं उपयोगी. प्राझोसिननंतर मुलाला आडवंच ठेवायचं, कडेवर उभं धरायचं नाही, बीपी एकदम पडतं. वृद्धांचंही तेच, बाथरूमला एकटं सोडू नका.

धागाकर्ती
हो, प्राझोसिनच होतं, कागद बघितला. तिला उचलून घेऊ नका म्हणून नर्सबाई आमच्यावर का ओरडत होत्या, ते आता कळलं. सासऱ्यांच्या गोळीचं नाव डॉक्टरांना दाखवून घेते.