अल्सरेटिव्ह कोलायटिस: कोणतं बायोलॉजिक? अनुभव हवेत

अबोली: धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, कोलोनोस्कोपी-बायोप्सीत नक्की झालंय. स्टेरॉइड कमी केलं की परत रक्त पडतं. डॉक्टर म्हणतात, बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं औषध) लागेल, इन्फ्लिक्सिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅब. विमा नाही, बायोसिमिलर (मूळ बायोलॉजिकसारखंच, दुसऱ्या कंपनीचं स्वस्त औषध) मिळेल तेच झेपेल. कुणी घेतलंय?

रानवारा: व्हेडोलिझुमॅबच घ्या. ते आतड्याकडे निघालेल्या पांढऱ्या पेशी अडवतं, बाकी शरीराच्या प्रतिकारशक्तीला फारसा हात लावत नाही. तीन वर्षं घेतेय, एकदाही ॲडमिट नाही. पैशाचं नंतर बघता येतं.

खडीसाखर: अडालिमुमॅब का नको? दर दोन आठवड्यांनी घरीच पेननं टोचायचं. सलाईन लावून बसणं नाही.

रानवारा: २०१९ च्या व्हार्सिटी चाचणीत दोन्ही समोरासमोर होती. ५२ आठवड्यांनी व्हेडोलिझुमॅबवरचे ३१.३ टक्के रेमिशनमध्ये (आजार शांत), अडालिमुमॅबवरचे २२.५.

खडीसाखर: म्हणजे दोन्हीकडे बहुतेकांना रेमिशन नाहीच. मला अडालिमुमॅबवर आहे, म्हणून सांगतोय.

दगडफूल: +१ व्हेडोलिझुमॅब. पण आधी कॅलप्रोटेक्टिन (शौचाची तपासणी) करा, सगळं त्यातच कळतं.

पारवा: सगळं नाही कळत. सूज आहे एवढंच कळतं. मी गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन घेत होतो, तेव्हाही वाढलेलं आलं. महिनाभर उगाच घाबरलो.

शेवंता: अबोलीताई, औषध कुठलंही ठरो, पहिल्या डोसाआधी क्षयासाठी इग्रा (रक्ततपासणी), छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी करून घ्या. इन्फ्लिक्सिमॅब आणि अडालिमुमॅब टीएनएफ (सूज आणणारं शरीरातलं प्रथिन) रोखतात, आणि क्षयाचे जंतू गाठीत कोंडून ठेवायला शरीराला टीएनएफच लागतो. माझ्या आईची तपासणी राहून गेली. चौथ्या महिन्यात क्षय निघाला, इंजेक्शन बंद करावं लागलं, कोलायटिस पुन्हा उसळला. अजून राग येतो. शौचाची सी-डिफिसिल (आतड्यातला एक जिवाणू) तपासणीही करा, त्या संसर्गानंही असाच भडका उडतो.

दगडफूल: हो, इग्रा कराच. व्हेडोलिझुमॅबच्या आधीही करतात.

अबोली: सगळ्यांचे आभार. आम्ही इन्फ्लिक्सिमॅब घेतोय. हिमोग्लोबिन ८ वर आलंय आणि व्हेडोलिझुमॅबचा गुण यायला वेळ लागतो, तेवढं थांबायची त्याची ताकद नाही. बायोसिमिलर मिळतंय. ०, २, ६ आठवडे, मग दर ८ आठवड्यांनी. सी-डिफिसिल निगेटिव्ह. शेवंताताई, इग्रा आणि हिपॅटायटिस बी राहिलेच होते, आज रक्त दिलं. रिपोर्ट आल्याशिवाय सलाईन लावणार नाही.

रानवारा: मी असते तर थांबले असते. सोबत ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) देणार का, ते विचारा. त्यानं औषधाविरुद्ध अँटीबॉडी कमी बनतात, पण तरुण मुलांत त्या जोडीचे धोकेही आहेत, तेही विचारा.